हरण्याची कॅसेट

खिडकीतून आधी हात आत आला आणि मग आवाज.

"सायेब, हे कडं तुमी कवा बघितलंसा?"

एस.टी.च्या चौकशीच्या खिडकीवर माणसं काय वाट्टेल ते विचारतात. गाडी का आली नाही, आमचा जावई या गाडीनं गेला का, तुमच्या घड्याळात आणि आमच्या घड्याळात पाच मिनिटांचा फरक कसा. कंट्रोलर म्हणून बावीस वर्षं मी या सगळ्याला उत्तरं देत आलो. पण मनगट असं नाकासमोर धरून कुणी काही विचारलं नव्हतं. मी चष्मा सारखा करून बघितलं. हात उन्हानं काळाठिक्कर पडलेला, आणि त्यात चांदीचं भरीव कडं. कड्याची दोन टोकं म्हणजे नागाची दोन तोंडं, एकमेकांना भिडलेली.

आम्ही पोतदार, जातीचे सोनार. मी धंद्यात पडलो नाही, तो चुलतभावानं सांभाळला. पण दागिना दिसला की माझी नजर अजून तिकडंच जाते. माणसाचं तोंड विसरेन, घडण विसरायचो नाही. ते कडं मी आधी कुठंतरी पाहिलंय, एवढं मला त्या क्षणी उमगलं.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"म्या मायाप्पा कोळेकर. हिंगणवाडीच्या माळाला वस्ती हाय आमची. हरण्या माज्याच घरचा खोंड."

हरण्याचं नाव ऐकल्यावर मी उठलो, दार उघडलं आणि त्याला आत घेतलं.

आता हे हरण्या प्रकरण सांगायला हवं, आणि त्याच्याही आधी माझी लेखनकीर्ती. हसू नका. माझी कीर्ती म्हणजे अशी: संपादकांना लिहिलेलं एक पत्र छापून आलं, गटारांविषयी. साबणाच्या घोषवाक्य स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक प्लॅस्टिकची बादली. बायकोनं ती बादली सात वर्षं वापरली, आणि मी प्रत्येक वेळी आंघोळीला बसताना तिच्याकडं कौतुकानं बघितलं. एका दिवाळी अंकात कविता आली, खाली नाव छापलं होतं 'जयंत पोद्दार'. मी जयवंत पोतदार. गावातल्या नवऱ्या मुली उखाणे लिहून न्यायच्या, तेवढा एक वर्ग माझ्या साहित्यावर प्रेम करणारा. बाकी सगळी बोंबच.

त्या वर्षी फाल्गुनात हिंगणवाडीच्या दादासाहेब फडतऱ्यांचा शर्यतीचा बैल मेला. हरण्या. आमच्या भागात बैलगाडी शर्यत म्हणजे काय चीज आहे, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. हरण्यानं सलग तीन मैदानं मारली होती. चौथ्या मैदानाच्या दिवशी पहाटे गडी गोठ्यात गेला, तर हरण्या पाय ताणून पडलेला आणि तोंडाला फेस. कुणी म्हणालं पोट फुगलं, कुणी म्हणालं पान लागलं, म्हणजे साप चावला. बहुतेक जण म्हणाले विष. फडतऱ्यांनी बैलाला हळदकुंकू लावून, नवं कापड पांघरून रानात पुरला. चार हजार माणूस होतं, असं आमचे कंडक्टर सांगत आले.

तिसऱ्या दिवशी नंदू पोरे माझ्याकडं आला. सांगलीत त्याची 'माणध्वनी' नावाची छोटी कॅसेट कंपनी होती. लग्नाची गाणी, जत्रेची गाणी काढायचा.

"पोतदार, हरण्यावर गाणी पाहिजेत. आठ. पंधरा दिवसांत बाजारात आणतो. लोक रडले पाहिजेत बघा."

"मी?"

"मग काय मुंबईहून माणूस बोलावू? तो काय लिहिणार, बैलाचं पुढचं टोक कुठलं ते कळत नाही त्याला."

मी दोन दिवसांत आठ गाणी लिहिली, ड्यूटीच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर. सात बरी होती. पाचवं गाणं लिहिताना मात्र मी अडलो. नुसतं 'कुणी विष घातलं' म्हणून काळीज हलत नव्हतं. तो माणूस दिसायला पाहिजे होता. तोंड कसं दाखवणार? मग हात दाखवला. लिहिलं:

*पहाटेला गोठ्यामंदी कोण आलं पेंड घेऊन*
*नागमुखी कडं त्याचं गेलं चांदीचं चमकून*

कडं कुठून सुचलं म्हणाल, तर सुचलं. मी स्वतःच्या मांडीवर थाप मारली आणि बायकोला हाक मारून ऐकवलं. तिच्या अंगावर काटा आला. त्या दिवशी मला वाटलं, जया, तू कवी आहेस.

स्टँडसमोर इस्माईल मोमीनचं कॅसेटचं दुकान होतं. दर शुक्रवारी तो दारात एक फळा लावायचा, 'या आठवड्याच्या पहिल्या दहा कॅसेटी'. त्याच्या दुकानात काय खपलं त्यावर फळा, पण अख्खा तालुका तो प्रमाण मानायचा. आमचं स्थानिक साप्ताहिकही तीच यादी छापायचं. पहिल्या आठवड्यात हरण्या नवव्या नंबरवर आला. मी रस्ता ओलांडून तीनदा वाचून आलो. दुसऱ्या शुक्रवारी पाचवा. तिसऱ्या शुक्रवारी दुसरा, आमच्यावर फक्त एक हिंदी सिनेमाची कॅसेट. चहावाला माझ्याकडून पैसे घेईना. वडापवाले जीपमध्ये तेच पाचवं गाणं, रसवंतीवर तेच, वरातीत बँडवाले तेच वाजवायला लागले. वरातीत बैल मेल्याचं गाणं! पण माझ्या छातीत मावत नव्हतं, खरं सांगतो.

आणि त्याच आठवड्यात मायाप्पा कोळेकर माझ्यासमोर येऊन बसला होता.

"हरण्या मीच फडतऱ्यास्नी इकलेला," तो म्हणाला. "दीड वर्साचा हुता. त्येची आय बाळंतपणात मेली, म्या शेळीच्या दुधावर वाढीवला. पोरीच्या लग्नाला पैसं कमी पडलं म्हून दिला. इकला त्या दिशी रडलो, आन मागनं दोनदा परत मागाया गेलो. समद्या गावाला ठावं हाय. आता लोकं म्हनत्यात, बैल परत दिला न्हाई म्हून मायाप्पानं दुसऱ्याकडं बी ऱ्हाऊ दिला न्हाई."

"कोण म्हणतं?"

"आधी कोन म्हनत नव्हतं. तुमचं गानं आल्यापासनं म्हनत्यात. नागमुखाचं कडं आमच्या पट्ट्यात माज्या हातात हाय, दुसऱ्या कुनाच्या न्हाई."

तो पुढं वाकला.

"सायेब, हरण्या गेला त्या दिशी म्या हितं हुतो. तुमच्या म्होरं. आदल्या सांजच्याला स्टँडवर येऊन झोपलो, सकाळी साची गाडी धरून आरेवाडीला बिरोबाला गेलो. ह्याच खिडकीत हात घालून तुमास्नी इचारलं, गाडी किती नंबरला लागंल. तुमी म्हनला, चारला. आन माज्या कड्याकडं बघत म्हनला, घडन जुनी हाय, कुनी केली?"

आठवलं! सगळं लख्ख आठवलं. कड्याकडं बघून मी बोललो होतो, आणि नंतर माणूस विसरलो, कडं तेवढं डोक्यात राहिलं. तेच मी चार-पाच दिवसांनी उचलून खुन्याच्या हातात घातलं होतं. कविता सुचली म्हणून मांडीवर थापही मारली होती.

"मायाप्पा," मी म्हणालो, "त्या वेळी बैलाचं मला ठाऊक पण नव्हतं हो. गाण्यातलं सगळं मनाचं आहे. मी कुणाला पाहिलं नाही न् काही नाही."

"मला कळतंय की. पर लोकांस्नी कोन सांगनार? म्या सांगितलं तर म्हनत्यात, चोर हाय, बोलनारच. तुमी सांगा. तुमचं ऐकत्याल. म्या पहाटे हितं हुतो, आन कडं तुमच्या मनाचं. दोनच गोष्टी. दुसरं काय मागत न्हाई."

दोनच गोष्टी. एवढं सोपं होतं. मी म्हणालो, "सांगतो. आई शपथ सांगतो."

पण कुठं, कुणाला? फडतऱ्यांच्या वाड्यावर जाऊन गुपचूप सांगितलं तर लोक म्हणणार, मायाप्पानं पोतदाराला गाठला. मायाप्पाचंही तेच म्हणणं. तेवढ्यात मला सुचलं. हिंगणवाडीची जत्रा वैशाखात होती, आणि जत्रेच्या मैदानावर, शर्यत सुटायच्या आधी, फडतरे माझा सत्कार करणार होते. पत्र आलं होतं. फेटा, शाल, श्रीफळ. सगळा मुलूख तिथं गोळा होणार.

"तिथंच माईकवर सांगतो," मी म्हणालो. "एकदाच सांगतो, सगळ्यांच्या समोर. मग कुणी ब्र काढणार नाही."

"कवा हाय?"

"तीन आठवड्यांनी."

तो विचारात पडला. तीन आठवडे म्हणजे काय, ते त्याला कळत होतं, मला नव्हतं. आणि मग शहाणपणा सुचून मी ते बोललो, जे बोलायला नको होतं.

"तोवर कडं काढून ठेवा की. कडंच दिसलं नाही तर बोलणार काय?"

मायाप्पानं मनगट छातीशी धरलं. "न्हाई वो. नवसाचं हाय. माज्या आदी तीन पोरं गेली आयची. मग बिरोबाला बोलली, हे जगलं तर हातात देवाचं नाग घालंन. तीन बारी वाढवून घेतलंय, उतारलं कवाच न्हाई. आता हातातनं निघत बी न्हाई."

"माझ्या चुलतभावाचं दुकान आहे. कातरीनं अलगद कापेल, नंतर पुन्हा जोडून देईल. डाग दिसायचा नाही. देवाला कळत नाही का मायाप्पा, जिवावरचं संकट आहे म्हणून?"

देवाच्या वतीनं मी बोललो. त्यानं छातीशी धरलेलं मनगट सोडलं आणि मान डोलावली.

चुलतभावाच्या, मुकुंदाच्या दुकानात मायाप्पानं हात लाकडी पाटावर ठेवला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. मुकुंदानं कडं कापलं, फाकवलं, काढलं. आम्ही तिघांनी त्या मनगटाकडं बघितलं. बाकी हात काळा, आणि कड्याच्या जागी दोन बोटं रुंदीचा पांढराफटक पट्टा. पन्नास वर्षं त्या कातडीला ऊन लागलं नव्हतं.

"जयादादा," मुकुंदा हळूच म्हणाला, "हे तर कड्यापेक्षा जास्त दिसतंय."

"लांब बाह्यांचा सदरा घालतील. जाईल तो हळूहळू."

"सा म्हैनं तरी जात नाही तो."

मायाप्पानं कड्याचे तुकडे फडक्यात बांधले, कंबरेला खोवले, आणि दुसऱ्या हातानं तो पट्टा झाकून उभा राहिला. "बरं झालं का वाईट झालं म्हनायचं?" त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, बरं झालं.

पुढच्या शुक्रवारी हरण्या पहिल्या नंबरवर गेला. इस्माईलनं रंगीत खडूनं लिहिलं होतं, भोवती वेलबुट्टी काढून. तो मला हार घालायला आला, स्टँडवर हशा आणि टाळ्या. मी घोषणेचा माईक हातात घेऊन 'विटा, कराड मार्गे जाणारी गाडी' म्हणालो तरी लोक ओरडले, "गाणं म्हणा, गाणं!"

त्याच दुपारी हिंगणवाडीहून परतलेल्या गाडीचा कंडक्टर, जाधव, माझ्याकडं हिशेबाला बसला.

"पोतदार, तुमच्या गाण्यानं धमाल केलीय बघा. काल फाट्यावर एका कल्हईवाल्याला धरला. हातात कडं होतं म्हणून. लोखंडाचं, साधं, पण ऐकतंय कोण? दात पाडले दोन."

"मग?"

"मग काय, सोडला. तो नव्हता म्हणे. आता पोरं चहाच्या गाड्यावर उभी असतात. जो येईल त्याला म्हणतात, बाही वर कर." जाधव हसला. "गाणं असं पाहिजे राव. नुसतं कानात नको."

मला हसू आलं नाही, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. माझ्या दोन ओळींवर माणसं बाह्या वर करत होती. बादलीवाल्या कवीला हे कुठलं मिळणार होतं?

मायाप्पा त्यानंतर एकदा आला. आत आला नाही, खिडकीतूनच बोलला. फुल बाह्यांचा पांढरा सदरा, जावयाचा असावा, बाह्या तोकड्या होत्या. सारखं मनगटाशी कापड ओढत होता.

"लोकं इचारत्यात, कडं कुठं गेलं? काल सरपंचाचा भाऊ म्हनला, काडलंस कशापायी? भ्या वाटलं म्हून काडलंस काय?"

"काय सांगितलंत?"

"हरवलं म्हनलो. हसला." त्यानं खिडकीची चौकट धरली. "सायेब, अजून किती दिस?"

"आठच. आठ दिवस कळ काढा."

"वस्ती सोडून बहिनीकडं जावं म्हनतो."

"छे छे! गेलात तर म्हणतील पळाला. सत्काराला या. पुढंच बसा. मी तुमच्याकडं बोट दाखवून सांगतो, हा माणूस त्या पहाटे माझ्यासमोर होता म्हणून."

तो सल्ला पण माझाच.

वैशाखातलं मैदान. सकाळचे अकरा, ऊन असं की नांगरटीवर पाय ठरेना. दोन्ही बाजूंना माणूसच माणूस, झाडावर, ट्रॅक्टरवर, टँकरच्या टपावर. मांडवात स्टेज, मागं हरण्याचा भलामोठा फोटो, त्याला हार. स्पीकरवर कॅसेट लावलेली. पाचवं गाणं आलं की गर्दी एका सुरात म्हणायची, आणि 'नागमुखी कडं' म्हणताना पोरं मनगटं वर करून हलवायची. मी स्टेजवरून ते बघत होतो. मायाप्पा चौथ्या रांगेत बसला होता. सदऱ्याची बाही मुठीत धरून, मान खाली.

नंदू पोरे माझ्या शेजारी. कानाशी लागून म्हणाला, "पार्ट टू काढायचाय, पोतदार. 'हरण्याचा न्याय'. पुण्याची मोठी कंपनी तयार आहे. तुमचं नाव मोठ्या अक्षरात, फोटोसकट."

"नंदू, मी आज एक खुलासा करणार आहे. कड्याचं मनाचं आहे म्हणून."

त्याचा चेहरा पडला. पण तो रागावला नाही, हे लक्षात ठेवा. फक्त म्हणाला, "करा की. तुमचं गाणं. पण मग गाण्यात उरलं काय? नुसता बैल मेला."

मला फेटा बांधला. शाल घातली. दादासाहेब फडतरे उठले. सहा फूट माणूस, पण बैल गेल्यापासून खंगलेला. माईकसमोर आले आणि त्यांना रडू फुटलं. खोटं रडणं नव्हतं ते. आणि मग, हे कुणी ठरवलं नव्हतं, ते माझ्याकडं वळले.

"कविराज, म्या अडानी मानूस. एकच इचारतो. ते कडं खरं, का तुमच्या मनाचं?"

सगळं मैदान गप्प झालं. इतकं की बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकू यायला लागला. फडतऱ्यांनी माईक माझ्या हातात दिला.

यापेक्षा सरळ प्रश्न माणसाला आयुष्यात विचारला जात नाही. उत्तर दोन शब्दांचं होतं. मनाचं आहे. मी मायाप्पाकडं बघितलं. त्यानं मान वर केली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर मला सुटकेसारखं काही दिसलं.

मी तोंड उघडलं. हजारो माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. आणि मी म्हणालो:

"दादासाहेब, जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते हा पोतदार लिहीत नाही!"

टाळ्या. शिट्ट्या. टोप्या उडाल्या. मांडव थरथरला. अशा टाळ्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या, आणि पुढंही ऐकल्या नाहीत. पुष्कळ वर्षं मी लोकांना आणि स्वतःला सांगत आलो की मी घाबरलो. फडतरे, ती पोरं, तो जमाव, जीभ वळली नाही. खोटं आहे. मी मुळीच घाबरलो नव्हतो. मला त्या टाळ्या हव्या होत्या.

सगळे टाळ्या वाजवत होते. चौथ्या रांगेत मायाप्पाच्या डावीकडचा वाजवत होता, उजवीकडचा वाजवत होता. उजवीकडच्यानं मान वळवून मायाप्पाकडं बघितलं, हा का वाजवत नाही म्हणून. मायाप्पाला ते कळलं. त्यानं बाही सोडली, दोन्ही हात वर केले आणि टाळ्या वाजवायला लागला. जोरजोरात, सगळ्यांपेक्षा जास्त. तोकडी बाही कोपराकडं घसरली.

उजवीकडच्याचे हात थांबले.

मग त्याच्या मागच्याचे थांबले. मग त्या रांगेचे. मला वरून सगळं दिसत होतं. कुणीतरी मायाप्पाचं मनगट धरून वर उचललं, आणि तो पांढरा पट्टा सगळ्या मैदानाला दाखवला.

माईक माझ्या हातातच होता, चालू होता. स्टँडवर रोज पन्नास गाड्या माझ्या आवाजावर हलायच्या. एक शब्द बोललो असतो तर टँकरवरच्या माणसापर्यंत पोहोचला असता. नंदूनं माझ्या दंडाला धरून मला मागं बसवलं, आणि मी बसलो. स्टेजवरून फक्त पाठी दिसत होत्या, वाकलेल्या. फडतरे ओरडत होते, "आरं मारू नका, मारू नका!" त्यांचा आवाज माईकशिवाय कुठवर जाणार?

मायाप्पा मेला नाही. सांगलीच्या दवाखान्यात दीड महिना होता. पोलीस आले, तेव्हा त्यानं कुणाचंही नाव घेतलं नाही. गाडीखाली आलो म्हणाला. हरण्या पहिल्या नंबरवर अकरा आठवडे राहिला. 'हरण्याचा न्याय' निघालं, दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. मी त्यानंतर उखाणासुद्धा लिहिला नाही.

मी त्याला चौथ्या दिवशी भेटायला गेलो. जायचं नव्हतं, बायकोनं पाठवलं. ती म्हणाली, जाऊन पाया पडा. मी डझनभर केळी घेऊन गेलो. मायाप्पाचं तोंड सुजलेलं, एक डोळा बंद, उजवा हात कोपरापासून प्लॅस्टरमध्ये. डॉक्टर म्हणाले होते, बोटं हलायची नाहीत. त्याची बायको पायाशी बसली होती. मी कोण, ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं मला बसायला स्टूल दिलं.

मी काय बोलू ते पाठ करून आलो होतो, पण त्यानंच आधी सुरू केलं. हळूहळू, एकेक शब्द.

"सायेब, माजंच चुकलं."

"मायाप्पा—"

"न्हाई, ऐका. तुमी बोलाया सुरवात केलती. दमानं, रंगवून बोलता तुमी, कवी मानूस. आदी टाळ्या घेनार, मग मुद्द्याचं सांगनार. म्या घाई केली. म्या टाळ्या वाजवाया नको हुत्या." त्यानं उघडा डोळा माझ्यावर रोखला. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमी फुडं सांगनारच हुता न्हवं?"

त्याच्या बायकोनंही माझ्याकडं बघितलं.

मी "होय" म्हणालो.